डाव्या हाताची कोथळी

माझ्या डाव्या हातावर याडी चिंधी बांधून ठेवायची. याडी म्हणजे आई. आमच्या गोरबोलीत आईला याडीच म्हणतात. जेवायला बसलं की चिंधी, पाहुणे आले की चिंधी, अन् देवापुढं उभं राहायचं असलं तर दोन गाठी. मी जन्माची डावरी. भाकर मोडायला पुढं व्हायचा तो डावा हात, विळा धरायचा तो डावा, अन् कुणाच्या पाठीत धपाटा घालायचा तर तो हमखास डाव्यानंच. याडीनं पुष्कळ जीव काढला, पण हात काही वळला नाही. शेवटी तिनं एकाच कामापुरती सूट दिली, सुईच्या. सुई मी डाव्या हातात घेतली की तिला बोलायला जागाच उरत नसे. तांड्यात माझ्यासारखा टाका कुणाचा नव्हता. आपलं आपणच काय सांगायचं, असं कुणाला वाटेल तर वाटू द्या. आता चष्मा लावूनही माझा दोरा सुईत जात नाही, तेव्हा एवढी बढाई मारायचा हक्क मला आहे.

आमचा तांडा दिग्रसपासून फार लांब नव्हता, पण मधे पाणी होतं. धरण झालं तेव्हा खालची शेतं गेली, रस्ता गेला, चिंचेची मोठी झाडं गेली, अन् टेकडीवरची आमची घरं तेवढी वर राहिली. उन्हाळ्यात एका अंगानं चिखलातून पायवाट निघायची. बाकीचे आठ महिने चहूकडं पाणी. पलीकडच्या गावचे लोक आम्हाला बेटावाले म्हणायचे, अन् आम्हालाही ते नाव आवडायला लागलं होतं. पलीकडं जायचं तर भोयाचा डोंगा. एकच डोंगा, अन् तोही भोयाच्या मर्जीवर. पुरुष माणसं कामाला गेली की आठ-आठ दिवस तिकडंच राहायची. मग बेटावर बाया, लेकरं, शेळ्या अन् सुया. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडत, तेव्हा बाया चालता चालता शिवायच्या म्हणतात. आम्हाला तर चालायलाही जागा नव्हती, आम्ही बसूनच शिवायचो. दुपारी तांड्यातून फिरलं तर दारादारात मान खाली घातलेल्या बाया दिसायच्या, अन् हात वर गेला की बांगड्यांचा आवाज, खाली आला की पुन्हा तोच आवाज. पलीकडून पाणी दगडांवर चुबुक चुबुक करायचं. अजूनही मला झोप लागत नसली की मी तो आवाज आठवत पडते.

समुद्र आमच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता, पण समुद्रातल्या कवड्या प्रत्येकीच्या अंगावर होत्या. नव्या कवड्या बाजारात मिळत नसत. म्हातारी बाई गेली की तिच्या फेटियावरच्या, म्हणजे घागऱ्यावरच्या, कवड्या लेकी-सुना वाटून घ्यायच्या, अन् त्या वाटणीपायी वर्षभर एकमेकींशी बोलायच्या नाहीत. सगळ्यांत चांगल्या कवड्या राखून ठेवायच्या त्या कोथळीसाठी. कोथळी म्हणजे सुपारीची पिशवी, दोन तळहातांएवढी. लग्न ठरायच्या वेळी पोरीनं ती स्वतःच्या हातानं भरलेली असावी लागते: आरसे, रेशीम, कडेनं कवड्या. मुलाकडच्या बाया ती बघायला येतात, अन् वरची बाजू कुणी बघत नाही. उलटी करतात. आतून गाठ दिसली, दोरा लोंबला, टाका उड्या मारत गेला, तर पोरगी कामाची नाही. कोथळी पसंत पडली तर तांड्याच्या नायकासमोर गोळ वाटतात. आमच्यात गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. मग आभाळ कोसळलं तरी कुणी शब्द फिरवत नाही.

माझ्या बहिणीचं नाव धानी. तिला मी बाई म्हणायची. आमच्यात मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. बाईला लहानपणी गोवर निघाला, अन् तो जाताना तिचे डोळे घेऊन गेला. अगदी अंधार नव्हता. दारात कुणी उभं आहे हे तिला कळायचं, कोण ते कळायचं नाही. पण बेट लहान. प्रत्येक दगड तिच्या पायाला ठाऊक. ती पाणी आणायची, दळायची, चुलीपुढं बसायची, भाकर फुगल्याचं वासावरून ओळखायची. खाली बघून चालते म्हणून अख्खा तांडा तिला गुणाची म्हणायचा, अन् मी वर बघून चालायची म्हणून मला अवदसा. खरी गोष्ट याडीला ठाऊक होती अन् मला. बालासुद्धा, म्हणजे बापालासुद्धा, सांगितलं नव्हतं. त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे.

तर बाईची कोथळी मी भरली. चार महिने, आतल्या खोलीत, कवाड लोटून, खापराच्या फटीतून ऊन पडायचं तेवढ्या पट्ट्यात. ऊन सरकलं की मीही सरकायची. कवड्या मात्र बाईच्या. त्या बोटांनी चाचपून ती अशी ओवायची की एकीचं तोंड दुसरीला लागत नसे. अन् दुपारी लोकांना दिसावं म्हणून बाई दारात बसून, मांडीवर चिंधी घेऊन, नुसती बिनदोऱ्याची सुई वरखाली करायची. शेजारीण विचारायची, "धानी, झाली का वं कोथळी?" बाई म्हणायची, "होऊन राह्यली ना, काकू." मी आतून ऐकायची अन् तोंडात ओढणी कोंबून हसू दाबायची. आम्ही तिघींनी सगळा विचार केला होता. गाठी आत दडवल्या, दोरा मेणातून काढला, रंग बाईला तोंडपाठ करून दिले. पण मी डावरी आहे, याचा विचार तिघींतल्या एकीच्याही डोक्यात आला नाही. वर्षानुवर्षं त्या हाताला चिंधी बांधणाऱ्या याडीच्यासुद्धा.

मुलाकडची माणसं आली ती सकाळीच. मुलगा पुसदकडच्या तांड्यातला, नाव परसू. तो स्वतः आला नव्हता; त्याची आई चांदीबाई आली होती, आजी हेमली आली होती, अन् दोघं काके. नायक आमचा दिग्रसला बाजाराला गेलेला, त्याच्यावाचून गोळ वाटता येत नाही, म्हणून डोंगा पाहुण्यांना उतरवून तसाच त्याला आणायला परत गेला. काके बाबरोबर लिंबाखाली बिड्या ओढत बसले. बाया घरात आल्या. याडीनं लापशी केली होती, तुरीची डाळ, ज्वारीच्या भाकरी. तिनं पहिली भाकर जाळली. मी तिला आयुष्यात भाकर जाळताना तेव्हाच बघितलं.

हेमली म्हातारीचं नाव आमच्या बेटापर्यंत आधीच येऊन पोचलं होतं. तिनं नातवासाठी चार पोरी नाकारल्या होत्या. म्हणे ती कोथळीकडं बघतसुद्धा नाही, नुसता अंगठा फिरवते अन् पोरीच्या सात पिढ्या सांगते. मी तिच्याकडं बघितलं तर हाडाची काडी, गळ्यात चांदीची हसळी, दंडापर्यंत पांढरे चुडे. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आत आली, अन् बसली ती तोंड दाराकडं करून.

जेवणं झाली. बाई खाली मान घालून समोर बसली. याडीनं ताटलीत कोथळी ठेवून पुढं केली. मी कोपऱ्यात, डाव्या हातावर चिंधी, ओढणीखाली.

म्हातारीनं कोथळी उलटी केली अन् अंगठा फिरवायला लागली. तोंड दाराबाहेर, पाण्याकडं. एका कडेनं सुरुवात, दुसऱ्या कडेला शेवट, मग खालची ओळ. नांगरट करावी तसं. घरात माशी फिरत होती तिचा आवाज येत होता.

"गाठ नाई," ती म्हणाली. "दोरा बी लोंबला नाई. सफाई लई हाय."

याडीनं श्वास सोडला. चांदीबाईच्या तोंडावर पण हसू आलं. अन् म्हातारीचा अंगठा मधल्या आरशापाशी थांबला. आरसा बसवायला त्याच्याभोवती टाके फिरवत न्यावे लागतात. अंगठा गोल फिरला. थांबला. परत फिरला, या खेपेला उलट्या अंगानं. मग शेजारच्या आरशावर गेला, मग तिसऱ्यावर. मला अजून कळलं नव्हतं काय झालं ते, पण माझे कान गरम झाले.

"पोरी, जेवली कोनत्या हातानं?"

"उजव्या," बाई म्हणाली.

"अन् सुई कोनत्या हातात धरते?"

बाईनं मान आणखी खाली घातली. त्या क्षणी मला कळलं. मी ओढणीखाली चिंधी घट्ट आवळली, जसा काही हात लपला म्हणजे टाकेही लपणार होते.

"हे सारं काम उलट्या अंगानं फिरलं हाय," म्हातारी म्हणाली. "हे डावरीचं काम हाय."

चांदीबाईचं हसू गेलं. "म्हंजे? कोथळी हिनं नाई भरली?" तिनं आपल्या कमरेची सुई-दोऱ्याची गुंडी काढून बाईच्या पुढं टाकली. "घे बाई. एक फूल काढून दाखव. आमच्या डोळ्यादेखत."

याडी म्हणाली, "दोन्ही हातानं करते जी थे." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच तिची लाज वाटली. मग मी तोंड उघडलं. माझी खोडच ती. "बाईचा हात भाजला कालच! चुलीवर! आज नाई धरता येत तिले सुई!"

"जमनी, गप बस," बाई म्हणाली.

इतक्या शांतपणे तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिनं सुई शोधली नाही. मान वर केली अन् जिथून आवाज येत होता तिकडं तोंड करून म्हणाली, "मले दिसत नाई. तुमी कोन कुठं बसल्या थे समजते, तोंड नाई समजत. कोथळी माह्या बहिनीनं भरली. कवड्या म्या ओवल्या. याडीले बोलू नका, म्याच हो म्हटलं होतं."

"मंग आत्ता काहून सांगून राह्यली?" चांदीबाई ओरडली.

"गोळ खाऊन सांगतलं असतं तं तुमाले फसवल्यासारखं झालं असतं."

मला बाईचा इतका राग आला की काय सांगू. चार महिने मी पाठ मोडली, डोळे फोडले, अन् हिनं एका वाक्यात सगळं पाण्यात घातलं! बेटावर असलं काही दडून राहत नाही. संध्याकाळपर्यंत तांडाभर होणार, आठवडी बाजारात पलीकडच्या चार तांड्यांत होणार, अन् मग बाईला मागणी घालायला कोण कशाला डोंग्यात पाय ठेवील? हे त्या वेळी मला लख्ख दिसलं. तिलाही दिसत असणारच. अन् तरी ती तशीच बसून राहिली, हात मांडीवर.

चांदीबाई उठली. "आंधळी गळ्यात बांधाले निघाले होते! चला सासूबाई, उठा!" अन् सासूची वाट न बघता ती ताडताड उतारावरून पाण्याकडं निघाली. काके उठून उभे राहिले, बा विचारतोय काय झालं, काय झालं, अन् त्याला कुणी सांगेना.

पण डोंगा कुठं होता? डोंगा पलीकडच्या काठाला, नायकाची वाट बघत. चांदीबाईनं पदर हलवला, हाका मारल्या. वारं उलटं होतं, हाक पाण्यावरच विरून जायची. पलीकडं भोई ठिपक्याएवढा दिसत होता, बहुतेक झोपला होता. उन्हं डोक्यावर, सावलीला काठाशी एक झाड नाही. आज आठवलं की हसू येतं. त्या दिवशी कुणालाच हसू आलं नाही. बेटावरून रागानं निघून जाणं हे सोपं काम नाही. ती बिचारी तिथं उभी राहिली, उभी राहिली, अन् शेवटी घाम पुसत परत वर आली. दारात सावलीला टेकली, पाठ आमच्याकडं करून.

हेमली म्हातारी हललीच नव्हती. कोथळी मांडीवर, अंगठा आरशावर.

"चांदे," ती म्हणाली, "म्या कोथळीकडं कधी पाह्यलं काय वं?"

चांदीबाईनं पाठ तशीच ठेवली.

"चार पोरीच्या कोथळ्या पाह्यल्या म्या. एकीकडं तरी डोळा लावला काय? पाह्य आठवून. तुह्या धाकट्याचं बारसं झालं ना, तवापासून मले दिसून नाई राह्यलं. पह्यले धूर दिसे. आता थो बी नाई."

चांदीबाई गर्रकन वळली. सासूच्या तोंडापुढं हात हलवला. म्हातारीची पापणी लवली नाही.

"तुह्या घरचं दळन कोन काढते? लेकराईले न्हाऊ कोन घालते? तांदूळ कोन निवडते? सापडला तुले एक बी खडा?"

"काहून नाई सांगतलं?" चांदीबाईचा आवाज पार बसला होता. "इतके दिवस... सासूबाई, काहून नाई सांगतलं?"

"आत्ता तू उठून गेली ना," म्हातारी म्हणाली, "त्याच्याचसाठी."

चांदीबाईनं पदर तोंडावर घेतला. रडत होती की काय, कळलं नाही. याडी मात्र रडत होती, उघडउघड, नाक ओढत. बाई तेवढी चाचपत पुढं सरकली अन् तिनं म्हातारीचा हात धरला. दोघींपैकी कुणालाच दुसरीचं तोंड दिसत नव्हतं.

मग म्हातारीनं हुकूम सोडले. गोळ आज नाही. घरी गेल्यावर परसूला दोन्ही सांगायचं, धानीचं अन् आजीचं. त्याची मर्जी असली तर तो पुढच्या बाजाराच्या दिवशी आपल्या पायानं इथं येईल, नसली तर नाही येणार. "अन् थे डावरी कुठी हाय?"

मी पुढं झाले. तिनं माझा हात हातात घेतला, चिंधी लागली. "हे काय बांधलं?" तिनं नखानं गाठ सोडली, चिंधी बाजूला टाकली, अन् कोथळी माझ्या हातात दिली. "एक कोपरा उसव. थो धानी भरंन. लग्न जिचं हाय तिचं एक तरी फूल पायजे."

"थे बिघडवंन!" मी म्हणाले. मला राहवलंच नाही. "नास होईन साऱ्याचा!"

"होऊ दे."

मी उसवला तो कोपरा. माझं सगळ्यांत नाजूक फूल होतं तिथं, सात पाकळ्यांचं. प्रत्येक टाका उपटताना मला वाटत होतं म्हातारीच्या झिंज्या उपटाव्या.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. बानं याडीशी बोलणं टाकलं. शेजारणी मीठ मागायला म्हणून यायच्या अन् बाईच्या तोंडाकडं टक लावून बघायच्या. बाई दारातच बसायची, पण आता सुईत दोरा होता. दोरा जिभेनं ओला करायचा, सुईचं भोक बोटानं शोधायचं, वीसदा चुकायचं. टाके एक पूर्वेला, एक पश्चिमेला. सातऐवजी पाच पाकळ्या झाल्या, त्यातली एक पाकळी फुलाला सोडून भलतीकडंच गेली. मला बघवेना. ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी हळूच कोथळी उचलली, म्हटलं ती एक पाकळी तरी सरळ करावी. कुठून कोण जाणे, बाईचा हात आला अन् माझ्या हातावर फाडकन बसला. "ठेव तिथं," म्हणाली. दिसत नव्हतं म्हणे!

बाजाराच्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघी काठावर. बाईनं मला विचारावं, डोंग्यात किती माणसं, अन् मी सांगावं. पहिल्या फेरीला एक भोई अन् शेळ्या. दुसऱ्या फेरीला पोती. दुपार कलली. मी म्हटलं, "चाल बाई, घरी." ती म्हणाली, "अजून एक फेरी हाय." तिसऱ्या फेरीत नायक, चांदीबाई, हेमली म्हातारी, अन् एक उंच पोरगा ज्यानं म्हातारीचा हात धरला होता. मी सांगितलं तर बाईनं माझं मनगट इतकं आवळलं की दोन दिवस वळ होता.

परसूनं कोथळी घेतली. उलटी नाही केली, तशीच धरली. सगळे आरसे, सगळे माझे टाके बघितले असतील नसतील. बोट ठेवलं ते त्या कोपऱ्यावर. "हे तुहं ना?" बाईला म्हणाला. तिनं मान हलवली. मग नायकानं गोळ फोडला.

बाई त्या घरात म्हातारी झाली. लेकरं झाली, नातवंडं झाली. हेमली म्हातारीला शेवटच्या दिवसांत तिनंच भरवलं. याडीनं माझ्या हाताला परत कधी चिंधी बांधली नाही. दोन वर्षांमागं बाई गेली, तेव्हा तिच्या कवड्या सुनांनी वाटून घेतल्या, अन् कोथळी परसूनं माझ्याकडं आणून दिली. म्हणाला, तिनं सांगून ठेवलं होतं.

या हिवाळ्यात नात मला यवतमाळला घेऊन गेली. हस्तकलेचं प्रदर्शन होतं. आमच्यासारख्या पिशव्या मशीनवर भरलेल्या, कवड्या प्लास्टिकच्या. नातीनं माझी कोथळी काचेखाली ठेवायला दिली होती. तिथली एक पोरगी आली, गोड होती बोलायला, हातात छोटी कात्री. कोथळी उलटसुलट केली, डोळे मोठे केले, आजी काय हात आहे तुमचा, म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती म्हणाली, "फक्त हा एक कोपरा खराब झालाय. एवढा उसवून नीट करून देऊ का?" अन् कात्रीचं टोक तिथं नेलं.

माझा डावा हात सटकन गेला अन् तिच्या हातावर बसला. पोरगी घाबरली. नात ओशाळली, आजी, आजी करायला लागली. मी कोथळी ओढून घेतली अन् अंगठ्यानं तो कोपरा शोधला. पाच पाकळ्या, एक भलतीकडं गेलेली.

"बाकीची पुरी उसव तुले उसवायची तं," मी म्हटलं. "थे माहं काम हाय. हा कोपरा बाईचा हाय."